माईंचा आवाज आणि २५ वॉट

(गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या सहाव्या दिवशी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलला एकच जण, पण तयारी आम्हा तिघांची.)



कार्यकारिणीनं आम्हाला अर्धा तास दिला आहे आणि वर ताकीदही दिली आहे, की फार तांत्रिक बोलू नका, लोक उठून जातील. खाली आज भुट्ट्याचा कीस आहे, वासही वर येऊ लागला आहे, तेव्हा ही भीती रास्तच म्हणायची. पण थोडं तांत्रिक बोलल्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही. जिथं कंटाळा येईल तिथं खुशाल शेजाऱ्याशी बोला. आमचं बोलणं तरीही तुम्हाला ऐकू येईल, आणि आजचा विषय तोच आहे.

तुम्ही आत्ता आमचा आवाज ज्या यंत्रातून ऐकताय ते आम्ही घरी बांधलं. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, सतरंजीवर ठेवलेला तो राखाडी पत्र्याचा डबा. दिसायला रेशनच्या दुकानातल्या तिजोरीसारखा आहे, हे आम्हाला घरच्यांनी सांगून झालं आहे.

मंडळाकडे पूर्वी स्वतःचा ॲम्प्लिफायर होता. साठीच्या पुढच्यांना आठवत असेल, व्हॉल्व्हचा. बटण दाबलं की लगेच बोलत नसे. अर्धा मिनिट तापायचा, जाळीतून केशरी उजेड दिसू लागायचा आणि मग हळूहळू आवाज वर यायचा, जणू कोणी जिना चढून येतंय. त्याला दोन भोंगे. त्यातला एक गच्चीवर, रामबागेकडे तोंड करून. पुढे व्हॉल्व्ह मिळेनात, दुरुस्त करणारे राहिले नाहीत, यंत्र माळ्यावर गेलं आणि उंदरांनी त्याच्या वायरी खाल्ल्या. तेव्हापासून आपण दरवर्षी साउंड भाड्यानं आणत आलो. भाड्यानं देणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याची सामग्री वराती आणि मिरवणुकीसाठी असते. ढोल चार गल्ल्या पलीकडे पोचला पाहिजे, हे त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

पण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माईंचं भजन असतं.

माई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. गेली ४० हून जास्त वर्षं त्या इथं पेटी घेऊन बसतात. आता ऐंशी ओलांडली. आवाज बारीक झाला, पण सूर जागचा हललेला नाही. दोन वर्षांपूर्वी काय झालं ते बहुतेकांनी पाहिलं आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. साउंडवाल्या मुलानं आवाज चढवला. आवाजाबरोबर 'घूंऽऽ' अशी घरघर चढली. आणखी चढवला तर शिट्टी. उतरवला तर पुन्हा मागून तक्रार. असं तीनदा झालं. मग माईंनी पेटीचा भाता मिटला, टाळ मांडीवर ठेवले आणि त्या मुलाकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "आधी त्याला गाऊ दे बाळा, मग मी गाते."

त्या हसून म्हणाल्या, आपणही हसलो. पण पुढच्या वर्षी निरोप आला, घसा बरा नाही. घसा उत्तम होता. आमच्यातला एकजण सकाळी दूध आणायला त्यांच्या घरावरून जातो, त्याला रोज भूपाळी ऐकू येत होती.

आम्ही तिघं कोण, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. एक वीज मंडळातून निवृत्त झालेला, एक बँकेतून, आणि एकानं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. शाळेत असताना आम्ही मिळून एक दोन ट्रान्झिस्टरचा रेडिओ केला होता. त्यावर मालवा हाऊसचं आकाशवाणी केंद्र लागायचं, दुसरं काही लागायचंच नाही. त्यानंतर ५० वर्षं सोल्डरिंगची इस्तरी हातात धरली नव्हती. घरच्यांच्या मते आम्हाला दुसरं काम नाही, आणि ते खरं आहे.

तयार ॲम्प्लिफायर का आणला नाही, असं खजिनदारांनी विचारलं होतं. बाजारात चांगले मिळतात, हे कबूल. पण आम्हाला नुसतं यंत्र नको होतं. माईंचा आवाज त्या दिवशी नेमका कुठं हरवला, हे आम्हाला कळायला हवं होतं. आणि थोडी हौस होती. ती लपवत नाही.

आता थोडं गणित. माइकमधून बोलण्याचा जो विजेचा संकेत निघतो तो असतो एक-दोन मिलिव्होल्ट. म्हणजे एका व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका. आठ ओहमच्या स्पीकरला २५ वॉट द्यायचे तर १४ व्होल्ट लागतात. म्हणजे सुमारे दहा हजार पट. आता विचार करा, वाटेत जी काही घाण त्या संकेतात मिसळेल, तीही दहा हजार पट होणार. भिंतीतून जाणारी वीज, पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइटचा चोक. यंत्राला भजन कोणतं आणि चोक कोणता हे कळत नाही.

२५ वॉट ऐकून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर हसला होता. म्हणाला, "बाबूजी, इतने में तो बच्चे का जन्मदिन भी नहीं होगा." त्याचंही बरोबर. आपल्या सगळ्यांच्या घरी असा एखादा डबा येऊन गेला आहे ज्याच्या खोक्यावर १००० वॉट पीएमपीओ लिहिलेलं असतं आणि आतला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. पण कान वॉट मोजत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. बरा स्पीकर एका वॉटमध्ये एका मीटरवर ९० डेसिबल देतो. आपली शेवटची रांग ४० फुटांवर. तिथं पोचेपर्यंत त्यातले बावीसेक डेसिबल जातात, उरतात ६८. आपण समोरासमोर बोलतो ते ६० च्या आसपास. म्हणजे माईंना शेवटच्या रांगेत पोचवायला एक वॉट पुरतो! उरलेले २४ वॉट टाळांच्या आणि तबल्याच्या थापेसाठी, तिथं यंत्र गुदमरू नये म्हणून.

मंडलिकाचा घोडा आणि आपली तट्टाणी, असं म्हणत आम्ही जेल रोडला सामान आणायला गेलो. १८-०-१८ व्होल्टचा तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, त्यातून मिळतात अधिक २५ आणि उणे २५ व्होल्ट. शेवटच्या पायरीला २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५. गोल टोपीचे, लोखंडी, जुन्या माणसांच्या ओळखीचे ट्रान्झिस्टर. एका दुकानात ते फारच स्वस्त मिळाले. घरी आणून एकाची टोपी कापून पाहिली तर आत सिलिकॉनचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा. खऱ्यात तो बोटाच्या नखाएवढ्या जागेत बसवलेला असतो. छाप खरा, माल खोटा. दुकान कोणतं ते सांगणार नाही, पण टोपी कापून बघायची सवय लावून घ्या एवढं सांगतो.

सर्किट अगदी रूढ होतं, त्यात आमची अक्कल काही नाही. आमची अक्कल चुका करण्यात गेली.

पहिल्यांदा वीज देताना थेट प्लगमध्ये घालायचं नाही, हे वीज मंडळवाल्याचं कडक शास्त्र. मध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर सगळं ठीक. भक्क पेटून राहिला तर कुठं तरी शॉर्ट आहे. आमचा भक्क पेटून राहिला. दोन संध्याकाळी शोधलं. या ट्रान्झिस्टरच्या अंगातच वीज असते, म्हणून तो आणि ॲल्युमिनियमचा हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती घालतात. भोक पाडताना राहिलेला केसाएवढा कंगोरा त्या अभ्रकातून आरपार गेला होता. कानसीचे चार हात मारले आणि बल्ब मंदावला. त्या बल्बनं त्या दिवशी वाचवलेला माल पुढे आमच्याच हातून जळायचा होता, ती गोष्ट निराळी.

पहिला आवाज निघाला तेव्हा आम्ही सिनेमाची गाणी लावली. छान वाजली. ढोलक, क्लॅरिनेट, सगळं खणखणीत. आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. मग बँकवाल्यानं उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. आपल्या इंदूरचेच खाँसाहेब, त्यामुळे ती ध्वनिमुद्रिका आपल्यापैकी अनेकांकडे असेल. ते सुरुवात करतात ती मंद्रात, इतक्या हळू की शेजारी कोणी बोलत असेल तर थांबावं लागतं. आणि तिथं आमच्या यंत्रानं मान टाकली. स्वराच्या कडेला खरखर, जणू कोणी पोलीस पेपर घासतोय. आवाज वाढवला की खरखर नाहीशी. आवाज कमी केला की परत.

मंडळी, आमची अख्खी मेहनत या एका जागेवर येऊन उभी आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

स्पीकर हलवायला दोन ट्रान्झिस्टर असतात. लाकूड कापणारे दोन सुतार करवतीची दोन टोकं धरतात तसे. एक पुढे ओढतो, दुसरा मागे. संकेताची वरची बाजू एकाची, खालची दुसऱ्याची. पण प्रत्येकाला जागं व्हायला ०.६ व्होल्ट लागतात. त्याच्या आत तो झोपलेला. म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना मध्ये एक फट राहते, जिथं दोघंही झोपलेले. मोठा आवाज ती फट उडी मारून ओलांडतो, कानाला कळतही नाही. बारीक आवाज मात्र त्या फटीतच राहतो. त्याचं सगळं येणं-जाणं तिथंच.

हे कळलं तेव्हा आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. यंत्र विकताना जे आकडे सांगतात ते सगळे मोठ्या आवाजाचे. पूर्ण ताकदीला विकृती अमुक टक्के. हळू बोलणाऱ्याचं काय होतं, हे त्या आकड्यात नसतं.

उपाय जुना आहे. दोघांना कायम थोडं जागं ठेवायचं. काम नसतानाही त्यांच्यातून बारीक प्रवाह चालू ठेवायचा, त्याला बायस म्हणतात. तो फार कमी ठेवला तर फट राहते, फार जास्त ठेवला तर ट्रान्झिस्टर नुसते तापत बसतात. आम्ही ५० मिलिअँपिअर ठरवला. तो मोजायचा कसा? ट्रान्झिस्टरच्या पायात ०.२२ ओहमचा रेझिस्टन्स असतो, त्याच्या दोन टोकांत ११ मिलिव्होल्ट दिसले की ५० मिलिअँपिअर झाले. प्रीसेटचा स्क्रू केसभर फिरवायचा, मीटर बघायचा, पुन्हा खाँसाहेब लावायचे. त्या संध्याकाळी आम्ही मारव्याची पहिली पाच मिनिटं किती वेळा ऐकली असतील ते मोजलं नाही. रात्री जेवताना घरी कोणी तरी म्हणालं, तुमचे खाँसाहेब पुढे सरकतच नाहीत. पण शेवटी खरखर गेली, आणि मुद्रिकेतल्या तंबोऱ्याचे जोडाचे दोन षड्ज आम्हाला पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकू आले.

आम्ही समाधानानं झोपलो. हा मे महिना होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ४२ अंश तापमानात आम्ही यंत्र चालू ठेवून चहाला गेलो. परत आलो तर खोलीत जळका वास, आणि स्पीकरच्या पडद्यामागून धूर. कारण सांगतो. ट्रान्झिस्टर तापला की त्याला जागं व्हायला लागणारं व्होल्टेज कमी होतं, दर अंशाला दोन मिलिव्होल्ट. म्हणजे तो तापला की जास्त जागा, जास्त जागा की जास्त प्रवाह, आणि त्यानं आणखी तापतो. हे चक्र तोडण्यासाठी एक लहान ट्रान्झिस्टर असतो, बीडी १३९. त्याचं काम मोठ्यांच्या अंगाला हात लावून बसायचं आणि ते तापले की बायस कमी करायचा. आजारी मुलाच्या कपाळावर आई हात ठेवते तसा. आम्ही तो हीटसिंकवर न बसवता पट्टीवरच सोल्डर करून ठेवला होता, मोठ्यांपासून चार इंचांवर. मोठे जळत होते आणि हा गार वाऱ्यात होता. शेवटी एक ट्रान्झिस्टर आरपार गेला, २५ व्होल्टचा सरळ दाब स्पीकरवर आला आणि त्याची कॉइल जळाली.

आता कबुली. तो स्पीकर मंडळाचा होता. जुन्या भोंग्यांबरोबरचा लाकडी पेटीतला, माळ्यावरून आणलेला. तो आम्ही विचारून आणला नव्हता. खजिनदारांना हे आज पहिल्यांदाच कळतंय, त्यांचा चेहरा आम्हाला इथून दिसतो आहे. त्याची नवी कॉइल आम्ही आमच्या पैशानं भरून आणली. आता बीडी १३९ हीटसिंकवर मोठ्यांच्या मधोमध बसलेला आहे, आणि स्पीकरच्या वाटेवर एक रिले आहे, जो सरळ दाब दिसला की दार लावून घेतो.

घरघरीची गोष्ट लवकर सांगतो, कारण तिचा उलगडा पेटीनं केला. भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. तिची घरघर दोन जातींची. बाहेरून तारेत शिरणारी ५० ची असते, आणि यंत्राच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधली १०० ची. दोन्ही एकच स्वर, एका सप्तकाच्या अंतरानं. १०० म्हणजे पांढरी पाचचा खर्ज, जवळजवळ. आम्ही पेटी काढली, घरघर जुळवून पाहिली, आणि ती खर्जातली निघाली, त्याखालची नव्हे. म्हणजे चोर घरातच. कपॅसिटर भरताना जे प्रवाहाचे हिसके बसतात, ते ज्या तारेतून परत जातात त्याच तारेवर आम्ही माइकचा निगेटिव्हही जोडला होता. गंगेत घाण सोडायची आणि त्याच घाटावर आचमन करायचं, असला प्रकार. सगळ्या जमिनी एका बिंदूवर आणून बांधल्या, हिशकांची तार वेगळी ठेवली, आणि पांढरी पाच गेली. मग खालची ऐकू येऊ लागली, इतका वेळ वरचीनं झाकलेली. ती माइकच्या ३० फुटी तारेतून येत होती. तिथं एका तारेऐवजी दोन तारांचा माइक घेतला. दोन्हींत संकेत एकमेकांच्या उलट असतो आणि घरघर सारखीच शिरते. यंत्र दोघींमधला फरक तेवढा घेतं, तेव्हा सारखं असेल ते वजा होतं.

काही लोक घरघर घालवायला प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकतात. घरघर जाते. एखाद्या पावसाळी दिवशी गाणाराही जायचा. तसलं आम्ही केलेलं नाही, आणि इथं कोणालाही करू देऊ नका.

राहिली शिट्टी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो. स्वतःचंच बोलणं स्वतः ऐकून चेकाळणारा माणूस आपण सभांमधून पाहिलेला आहे, तसंच. गंमत अशी, की यंत्राला शहाणं करणारी युक्तीही हीच आहे, फक्त उलटी. १९२७ साली ऑगस्ट महिन्यात हॅरोल्ड ब्लॅक नावाचा बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतला तरुण इंजिनिअर सकाळी कामाला निघाला होता, हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून. लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर आवाज बिघडतो, याच्यावर तो कित्येक वर्षं डोकं फोडत होता. बोटीत त्याला सुचलं, की बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत घालावा, म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतः ऐकेल आणि वजा करेल. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता, त्याच्या कोऱ्या जागेवर त्यानं आकृती काढली. पेटंट मिळायला नऊ वर्षांहून जास्त लागली, कारण यंत्राची ताकद मुद्दाम वाया घालवून ते सुधारतं, हे परीक्षकांना पटेना. आपल्या डब्यातही तीच युक्ती आहे. आणि तीच जरा उशिरानं झाली तर उलटी फिरते. आमच्या यंत्रात एकदा ती कानाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीत गाऊ लागली होती. हीटसिंक विनाकारण गरम. शेजारी ठेवलेल्या रेडिओवर मालवा हाऊस खरखरीत बुडालं तेव्हा कळलं. दहा ओहमचा रेझिस्टन्स आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आउटपुटला लावायचा राहिला होता. वीस रुपयांची वस्तू नाही.

सभागृहातल्या शिट्टीला मात्र सर्किट काही करू शकत नाही. स्पीकर माइकच्या पुढे पाहिजेत, आणि माइक तोंडाजवळ पाहिजे. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात. पण माईंना तोंडासमोर ती कांडी चालत नाही, चेहरा झाकतो म्हणतात. शेवटी वीतभर अंतरावर, पेटीच्या वर, वाकड्या नळीवर तह झाला.

तहाच्या आधी अर्थातच माईंना राजी करणं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही डबा रिक्षात घालून त्यांच्या घरी नेला. काय म्हणायचं ते तिघांनी पाठ केलं होतं, पण दारात कोणालाच आठवेना. त्या म्हणाल्या, "एवढं काय उचलून आणलंत? बसा, चहा घ्या." आम्ही ओसरीवर स्पीकर मांडला, माइक लावला, बटण दाबलं. दिवा लागला. रिले 'टक' झाला. माई वाट बघत राहिल्या. आम्हीही. थोड्या वेळानं त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"लाइट गेली का रे?"

आम्हाला दुसरं काही नको होतं. यंत्र पूर्ण चालू होतं, आवाज रोजच्या पट्टीला चढवलेला, आणि त्यांना वीज गेली असं वाटलं. "नाही माई, चालू आहे, काही तरी म्हणा." त्यांनी नुसता षड्ज लावला आणि दचकून थांबल्या. मग पुन्हा लावला. या वेळी डोळे मिटून, बराच वेळ. गाईन असं काही म्हणाल्या नाहीत. "बघू," म्हणाल्या आणि आम्हाला दडपे पोहे दिले.

दुसऱ्या दिवसाच्या भजनाला तुम्ही सगळे होतात, तेव्हा ते आम्ही सांगायची गरज नाही. तिसऱ्या अभंगाला वरचा षड्ज घेताना त्यांचा आवाज कापला, आणि तो कापलेलाही शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. आमच्यातल्या शिक्षकानं हे नंतर चूक म्हणून वहीत लिहिलं होतं. बाकी दोघांनी ते खोडलं.

हिशोब देतो, खजिनदार वाट बघताहेत. जळलेला माल आणि दोन रिक्षा धरून ७,४०० रुपये, त्यात स्पीकरची कॉइल धरलेली नाही. सर्किटचा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, मराठीत लिहून. कपॅसिटर दहा-बारा वर्षांनी वाळतील, तेव्हा आम्ही असू-नसू. म्हणून आपल्यातल्या दोघा-तिघा मुलांनी रविवारी सकाळी यावं, बायस कसा मोजायचा ते एकदा हातानं करून जावं. त्याला मोबाइल लागत नाही. मीटर आम्ही देऊ.

आणि शेवटची गोष्ट. भजन झाल्यावर माईंच्या पाया पडायला गेलो, शाबासकी मिळेल अशी आशा होती. त्या म्हणाल्या, "बरं आहे. पण मध्यम जरा नाकात येतो." आम्ही तिघांनी मान हलवली. घरी येऊन तपासलं तर खरंच, पेटीतल्या स्पीकरचा मधला पट्टा पाऊण डब्यानं उचललेला. म्हणजे लाकडी पेटीच त्या सुराला गुंजत होती. परवा रात्री तिच्या आत जुन्या गोधडीचा तुकडा ठोकला आहे, आणि तेवढ्या पट्ट्याला टोनच्या सर्किटमधून तीन डेसिबल उतरवलंय. माई, आरतीनंतर पाच मिनिटं थांबाल का? पेटी आणून ठेवली आहे. मध्यम एकदा लावून बघा.